तीन दुकानांतले एकच औषध : माणूस, जनावर आणि माती यांचे आरोग्य

११ डिसेंबर २०२२ या दिवशी नागपूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या कार्यांचा शुभारंभ झाला, त्यांपैकी दोन कार्यांचा आपल्या परिसराशी निकटचा संबंध आहे. त्यांतील पहिले आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा त्या दिवशी वाहतुकीस खुला झाला आणि शेलूबाजारचे नाव महामार्गाच्या नकाशावर आले. दुसऱ्या कार्याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही. त्याच दिवशी नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. माणसाचे, जनावराचे आणि परिसराचे आरोग्य परस्परांपासून वेगळे काढता येत नाही, त्यांचा अभ्यास एकत्रितच व्हावयास हवा, या विचारातून उभी राहणारी ही संस्था आहे.

‘एक आरोग्य’ हा शब्द जड वाटेल. परंतु त्याचा अर्थ आपल्या बाजारपेठेत उभा आहे. शेलूबाजारसारख्या कोणत्याही बाजाराच्या गावी तीन प्रकारची दुकाने असतात : माणसांच्या औषधांचे मेडिकल, जनावरांच्या औषधांचे दुकान आणि बी-बियाणे व फवारणीची औषधे विकणारे कृषी केंद्र. तिन्हींच्या पाट्या वेगळ्या, गिऱ्हाईक वेगळे. तथापि टेट्रासायक्लीन या एकाच कुळातील औषध या तिन्ही ठिकाणी मिळते. माणसासाठी ते डॉक्सिसायक्लीनची गोळी होते, गुरांसाठी ऑक्सिटेट्रासायक्लीनचे इंजेक्शन होते आणि कपाशी-लिंबावर फवारण्यासाठी स्ट्रेप्टोसायक्लीनच्या पुडीत मिसळले जाते. दुकाने तीन असली तरी ज्या जिवाणूंशी त्या औषधाची गाठ पडते, त्यांना गोठा, शेत आणि घर यांच्या सीमा ठाऊक नसतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा जो प्रश्न आज जगापुढे उभा आहे, त्याचे मर्म एवढ्यातच आहे.

प्रतिजैविकांपूर्वीचे जग

इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हांस प्रथम मागे वळून पाहणे आवश्यक वाटते. कारण या औषधांचे मोल ज्यांनी ती नसतानाचे जग पाहिले, त्यांनाच खऱ्या अर्थाने कळले होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे ती पुण्यात पसरली. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्यासह पुण्यात प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली. अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. परंतु लागण झालेल्या रुग्णाला बरे करणारे औषध त्या वेळी जगात कोठेही नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली, हेही आपण विसरू शकत नाही. त्या काळी गरिबाच्या घरात पाळणा हलला तरी तो हलता राहील, याची शाश्वती नसे.

१९२८ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन सापडले आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी औषध मिळाले. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन केला. परदेशातून येणारे महागडे पेनिसिलीन येथेच तयार होऊन सामान्य माणसाला परवडावे, हा त्यामागील हेतू होता.

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण १९९४ चे आहे. त्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत पुन्हा प्लेगची भीती पसरली. लोकांनी शहरे सोडली, बाजार ओस पडले. परंतु १८९७ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण या वेळी टेट्रासायक्लीन हाती होते. जे औषध सावित्रीबाईंच्या रुग्णांना मिळू शकले नाही, ते आता साध्या दुकानात मिळत होते. आज तेच औषध किती सहजपणे आणि कशाकशासाठी वापरले जाते, हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते.

प्रतिरोध म्हणजे नेमके काय?

‘माझ्या शरीराला आता औषधाची सवय झाली आहे,’ असे आपण अनेकदा ऐकतो. ही समजूत चुकीची आहे. औषधाला दाद न देण्याचा गुण माणसाच्या शरीरात येत नसून तो जिवाणूत येतो. म्हणूनच ज्याने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही असा जिवाणू गाठू शकतो.

हे घडते कसे? काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुभंगतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत सात तासांत एका जिवाणूचे वीस लाखांहून अधिक होतात. एवढ्या मोठ्या संख्येत एखाद्याच्या रचनेत आपोआप किंचित बदल होतो आणि औषध त्याच्यावर चालेनासे होते. प्रतिजैविक दिले की बाकीचे मरतात, हा एकटा उरतो आणि मोकळे झालेले रान त्याचे होते. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारले तर शेवटी त्याला न जुमानणारे तणच माजते, तसाच हा प्रकार आहे. अधिक गंभीर गोष्ट ही की, जिवाणू हा गुण केवळ आपल्या संततीला देऊन थांबत नाहीत. शेजारच्या, अगदी निराळ्या जातीच्या जिवाणूलाही ते तो देऊ शकतात. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूने कमावलेला गुण उद्या माणसाच्या रक्तात शिरलेल्या घातक जिवाणूकडे जाऊ शकतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. सर्दी, बहुतेक खोकला, डेंग्यू, गोवर हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांत ही औषधे दिल्याने रोग्याला लाभ होत नाही आणि जिवाणूंना मात्र शिकवणी मिळते. विदर्भात पावसाळ्यात येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो आणि स्क्रब टायफसचाही असू शकतो. पहिल्यात प्रतिजैविक व्यर्थ. दुसऱ्यात डॉक्सिसायक्लीन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. म्हणूनच तपासणीवर खर्च झालेला पैसा वाया गेला, असे समजू नये.

माणूस : मुंबईचा धडा

महाराष्ट्राला या संकटाची सर्वांत ठळक जाणीव क्षयरोगाने करून दिली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. मुकुंद उपलेकर व त्यांच्या सहकाऱ्याच्या अभ्यासात असे आढळले की, मुंबईच्या झोपडपट्टीतील शंभर खासगी डॉक्टर क्षयरोगासाठी ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना लिहून देत होते. कोणी औषध कमी दिले, कोणी चुकीची जोडी दिली आणि परिस्थितीने गांजलेल्या रुग्णांनी थोडे बरे वाटताच उपचार सोडले. त्याचे फळ वीस वर्षांनी दिसले. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांच्या क्षयजंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. त्या अवस्थेला कोणते नाव द्यावे यावर पुष्कळ वाद झाला; पण रुग्णांचे दुःख नावाच्या वादापलीकडचे होते.

अशा क्षयावरील जुनी इंजेक्शने किती जबर किंमत मागत, हे मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांच्या उदाहरणावरून कळते. उपचाराच्या दुष्परिणामाने त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्या सोबतीने बेडाक्विलीन या नव्या औषधाच्या वाढीव पेटंटला कायदेशीर हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. दोन रुग्ण महिलांनी कायद्याच्या मार्गाने मिळविलेला हा विजय आमच्या विद्यार्थिनींना आम्ही आवर्जून सांगतो. जेथे पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत, तेथे आता निवडक रुग्णांसाठी सहा महिन्यांची नवी औषधयोजना आली आहे आणि शासकीय कार्यक्रमात क्षयाची औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतील मासिक साहाय्यही नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाले आहे.

प्रश्न क्षयापुरता मर्यादित नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, तर जवळजवळ ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी या प्रतिरोधाचा संबंध होता. बाळंतपण, साधी शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार हे सारे प्रतिजैविकांच्या भरवशावर उभे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते.

जनावर : गोठा आणि खुराडा

आता दुसऱ्या दुकानाकडे वळू. जनावर आजारी पडले तर त्याला औषध मिळालेच पाहिजे. मुक्या जिवाच्या वेदनेला आमचा विरोध कसा असेल? आक्षेप आहे तो निरोगी जनावराला केवळ लवकर वाढावे म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याला. कोलिस्टीन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध अनेक देशांत कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात घातले जात होते. २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांना कोलिस्टीनला निष्प्रभ करणारा आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा जनुक सापडला. तो जनावरांतही होता आणि माणसांतही. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टीनच्या वापरावर बंदी घातली. हा निर्णय स्वागतार्ह आहे.

आपल्या शेतकरी बांधवांसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. लाळ्या-खुरकूत, लम्पी आणि शेळ्यांचा पीपीआर हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांवर खरी ढाल लसीची. घटसर्प व फऱ्या हे जिवाणूंचे रोग असले तरी त्यांचीही लस पावसाळ्यापूर्वी टोचता येते. टोचून घेतलेले जनावर सहसा आजारी पडत नाही आणि औषधाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तिसरी गोष्ट दुधाची. कासदाहावर प्रतिजैविक दिल्यानंतर औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस सांगितले असतील, तितके दिवस ते दूध विकू नये व मुलांना पाजू नये.

जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही, याचा पुरावा आपण आकाशात पाहिला आहे. डायक्लोफिनॅक हे प्रतिजैविक नव्हे, वेदनाशामक आहे. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी येईपर्यंत देशातील गिधाडे जवळपास नाहीशी झाली होती. आमच्या पिढीने लहानपणी गिधाडांचे थवे पाहिले. आजच्या विद्यार्थ्यांना ते चित्रात दाखवावे लागतात.

माती आणि पाणी

कृषी केंद्रात मिळणारी स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी लिंबावरील खैऱ्या, डाळिंबावरील तेल्या अशा जिवाणूजन्य रोगांसाठी फवारली जाते. तीत स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन ही दोन प्रतिजैविके असतात : एक क्षयावरचे आणि दुसरे त्याच कुळातले, ज्याने १९९४ ला आपल्याला सावरले. केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस शेतीतील हा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. रोगमुक्त रोपे, रोगट फांद्यांची छाटणी, ताम्रयुक्त बुरशीनाशके असे पर्याय कृषी विद्यापीठाकडून त्याच्या बांधापर्यंत पोहोचावयास हवेत.

पाण्याची कथा याहून चिंतेची आहे. माणसाने वा जनावराने घेतलेल्या प्रतिजैविकाचा मोठा भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो आणि सांडपाण्यातून नदीला मिळतो. पुण्यातील मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूपेक्षा शहरातील पात्रात प्रतिरोध देणारे जनुक कित्येक पट अधिक आढळले. २०११ च्या एका अभ्यासात दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही निकामी करणारा जनुक मिळाला. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही सिप्रोफ्लॉक्सॅसीनचे प्रमाण रुग्णाच्या रक्तातील मात्रेहून अधिक असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. पुणे, दिल्ली, हैदराबाद दूर वाटतात. परंतु आपली पैनगंगा आणि अडाण यांच्या काठावरही दवाखाने, गोठे, कोंबडीपालन आणि उघडी गटारे आहेतच.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

हा प्रश्न जितका विज्ञानाचा, तितकाच सामाजिक न्यायाचा आहे. औषधांचा अतिवापर होतो, हे खरे. पण त्याच देशात औषध वेळेवर न मिळाल्यानेही माणसे मरतात. आपल्याच विदर्भातील गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. जंतुसंसर्ग ओळखणे, ठरलेल्या नियमाने प्रतिजैविक देणे, बाळाला ऊब देणे ही कामे त्या स्त्रियांनी घरोघरी जाऊन केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती योग्य ज्ञान आले तर प्रतिजैविक संजीवनी ठरते. ज्ञानाविना तेच औषध पदवीधराच्या हातीही वाया जाते. म्हणून आमचा आग्रह औषध बंद करण्याचा नाही, योग्य औषध योग्य माणसाला मिळण्याचा आहे.

दुसरी बाजू श्रमाची. रुग्णालयाचा कचरा उचलणारे, गटारात उतरणारे, मेलेली जनावरे ओढणारे हात कोणत्या वस्त्यांतून आले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा, असे आवाहन १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत झाले, ते मानवी प्रतिष्ठेसाठी. त्याच महाडात २० मार्च रोजी चवदार तळ्याच्या पाण्यावरील समान हक्क बजावला गेला. तळे सर्वांचे, हा सिद्धान्त त्या दिवशी प्रस्थापित झाला. आज त्याला पुढची जोड द्यावी लागेल : सार्वजनिक पाणी सर्वांना मिळावे आणि ते निर्मळ मिळावे. घाणीशी सर्वप्रथम ज्यांचा संबंध येतो, त्या सफाई कामगारांना हातमोजे, लस आणि नियमित तपासणी मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

कायदा आणि आपण

शासन स्तरावर काही पावले पडली आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या अनुसूचीनुसार महत्त्वाची प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. औषधाच्या पाकिटावरील उभी लाल रेघ हीच सूचना देते. २०१७ मध्ये देशाचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये विषमज्वराच्या नव्या लसीची सार्वजनिक मोहीम घेऊन एक लाखाहून अधिक मुलांना संरक्षण दिले. जो मुलगा आजारीच पडत नाही, त्याला प्रतिजैविक लागत नाही, हे साधे सूत्र त्यामागे आहे.

तथापि कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, घराच्या फडताळापर्यंत नाही. निवासी शाळेत तर हा विषय रोजचा आहे. शेकडो मुले एका छताखाली राहतात, एका पंगतीत जेवतात. एकाची खरूज, एकाचे गळू, एकाचा जुलाब सर्वांचा होण्यास वेळ लागत नाही. पालक प्रेमापोटी घरच्या उरलेल्या गोळ्या मुलाच्या पेटीत ठेवतात, ‘ताप आला तर घे’ म्हणून सांगतात. त्यांच्या मायेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ती गोळी कोणत्या रोगाची, किती जुनी, मुलाच्या वजनाला किती योग्य, हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून आमची पालकांना नम्र विनंती आहे की, औषध मुलाकडे न देता डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अधीक्षकांकडे द्यावे. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस, न कमी न अधिक, औषध घ्यावे. ‘इंजेक्शनच द्या’ असा आग्रह धरू नये; उलट ‘या आजाराला प्रतिजैविकाची गरज आहे काय?’ असे निर्भयपणे विचारावे. मुलांची लसीकरणाची पत्रके पूर्ण असावीत आणि प्रत्येकाचा टॉवेल स्वतंत्र असावा. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे याहून स्वस्त औषध अद्याप निघालेले नाही.

माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा थोडी मोठी आहे. तुमच्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी औषधविक्रेते, कोणी पशुधन पर्यवेक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी सरपंच, कोणी शेती करतात. या प्रश्नाची तिन्ही दुकाने आणि त्यांच्या मागचे पाणी तुमच्याच हाती आहे. औषधविक्रेत्याने चिठ्ठीविना लाल रेघेचे पाकीट देऊ नये. पशुधन पर्यवेक्षकाने पावसाळ्यापूर्वी वस्तीतील गुरे-शेळ्यांचे लसीकरण पूर्ण करावे. सरपंचाने गटाराचे पाणी विहिरीपर्यंत जाऊ न देण्यासाठी शोषखड्डे करून घ्यावेत आणि पाण्याची तपासणी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणावी. शेतकऱ्याने शेणखत पूर्ण कुजवूनच शेतात टाकावे. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा सप्ताह जगभर याच विषयाच्या जागृतीसाठी पाळला जातो. त्या आठवड्यात एका दिवशी तुम्ही शाळेत यावे आणि मुलांसमोर आपापल्या कामाविषयी बोलावे, असे आमचे निमंत्रण आहे.

आमच्या पूर्वजांकडे ही औषधे नव्हती. त्यांनी लेकरे गमावली. आम्हांला ती मिळाली आणि आमची पिढी जगली. आता शाळेच्या प्रांगणात खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती धारदार अवस्थेतच यावीत, ही जबाबदारी आपली आहे.